समुद्रसपाटीपासून

चादरीची घडी दोन बोटं उलटी,
उशीवर चॉकलेट, शेजारी पितळी घंटी,
आणि पलंगाखाली, पाहुण्याला चटकन दिसू नये असं,
प्राणवायूचं नळकांडं.
हे माझं काम. मी निकासिया,
रात्रपाळी, तिसरा डबा, सहा खोल्या.

चार नंबरला दॉन एवारिस्तो.
वाल्पराइसोच्या बंदरात चाळीस वर्षं टगबोट चालवली,
अगडबंब जहाजांना कानाला धरून धक्क्याला आणलं.
बोट विकली
आणि या गाडीतल्या दोन रात्री विकत घेतल्या.
मुलगा अजून बोलत नाही, म्हणाले,
आणि बुटाची नाडी सोडता सोडता हसले.

दर तासाला घंटी. "आता किती?"
तीन हजार पाचशे.
तीन हजार आठशे.
ते वहीत टिपून ठेवतात,
घरात कुणी आजारी असलं की ताप टिपावा तसं.
"समुद्रसपाटीपासून?"
हो. दुसरं कुठून मोजणार?
"आयुष्यभर मी शून्यावर होतो, पोरी.
वरच्या टोकाला आलो की उठव.
झोपलो असलो तरी. रागावलो तरी."

बारच्या डब्यातला पियानो थांबला.
पेले उलटे टांगले, ते वळणावर किणकिणतात.
कोकाच्या पानांचा चहा थर्मासमध्ये भरला.
एक नंबरच्या बाईंना सोरोचे लागलं, डोकं धरून बसल्या,
त्यांच्या पायाशी गरम पाण्याची पिशवी, लोकरीच्या खोळीत.

दोन वाजून चाळीस. ला राया खिंड.
मी दार वाजवलं.
ते उठून बसले तेव्हा ओठ जांभळे होते.
मास्क लावला, नळी हिसहिसली,
पडदा सारला.

काचेत फक्त आम्ही दोघं:
एक म्हातारा, तोंडावर मास्क,
आणि पांढऱ्या हातमोज्यांतली एक बाई.
आमच्यामागे डांबरासारखा काळोख.
एवढे पैसे मोजून.

त्यांनी मास्क बाजूला केला. "काय आहे बाहेर?"

मी दिवा मालवला आणि सांगत गेले.
डावीकडे बर्फाचा डोंगर, तो आमचा अपू,
आधी त्याच्या नावाने दोन थेंब मातीत सांडायचे, मग आपण प्यायचं.
खाली इचू गवत, पिवळं, टोचरं,
त्याचंच छप्पर, त्याचाच दोर,
तान्ह्या पोराखाली अंथरायलाही तेच.
मग पाणथळ. तिथे अल्पाका चरतात,
कानांत लाल लोकरीचे गोंडे, कुणाचा कुठला ते कळावं म्हणून.
दगडी कुंपण आहे, त्याला दार नाही,
चार दगड काढायचे, आत जायचं, पुन्हा रचायचे.

"आणि ते?"

खरंच एक दिवा होता. रुळांपासून शेतभर लांब.
झोपडी आहे, मी म्हटलं.
"कोण राहतं?"
एक बाई. गुडघे धरलेत तिचे.
गाडीच्या वेळेला उठते, कंदील बाहेर आणते,
कुत्रं भुंकतं.
"कशासाठी?"
कुणास ठाऊक.
तिला वाटत असेल, आत कुणीतरी जागं आहे.

दिवा खिडकीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेला.
मग नव्हता.
इथे गाडी थांबत नाही.
सुट्टी मिळाली की सिकुआनीपर्यंत बस,
पुढे कुणाच्या तरी ट्रकवर, मेंढरांत बसून,
पण ते मी त्यांना सांगितलं नाही.

दॉन एवारिस्तोंनी वहीत लिहिलं: चार हजार तीनशे.
त्याखाली एक ओळ. ती मी वाचली नाही.
खोटं. वाचली.
"बंदरात शिरताना असाच एक असतो."

सकाळी तळ्यावर ऊन आलं.
नाश्त्याला ते एक नंबरच्या बाईंना सांगत होते,
गवत किती पिवळं, गोंडे किती लाल,
मी स्वतः पाहिलं ना!
माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.
मी कॉफी ओतली.
डाव्या हातमोज्याचा अंगठा उसवलाय,
आठवडा झाला, शिवायचा राहूनच जातोय.